अश्वमेध, अशोक आणि आपण

१९२९ सालची घटना आहे. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य या नात्याने परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात गेले होते. धुळ्याहून परतताना चाळीसगावच्या बांधवांच्या आग्रहाखातर ते तेथे उतरले. स्थानकावरून त्यांना महारवाड्यात न्यायचे, तर टांगा हवा. परंतु अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे एकाही टांगेवाल्याला मानवेना. टांगा भाड्याने देण्यास हरकत नव्हती; हरकत होती ती हाकण्यास. अखेर हाकण्याची सवय नसलेला आपल्यातलाच एक बांधव लगाम धरून पुढे बसला. नदीवरील पुलावर चाक अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले, त्यांचा पाय मोडला. आणि घोडा व टांगा पुलावरून नदीत कोसळले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

या प्रसंगाचा जो बोध आपण घेतो तो योग्यच आहे. बॅरिस्टर झालेल्या माणसापेक्षाही टांगेवाला स्वतःला श्रेष्ठ समजू शकतो, ही जातिव्यवस्थेची करणी होय. परंतु त्याच प्रसंगातील आणखी एका गोष्टीकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. त्या दिवशी जातीच्या अहंकाराने एक माणूस आणि एक मुके जनावर अशा दोघांनाही एकाच पुलावर संकटात लोटले. माणसाची अवहेलना आणि जनावराची हेळसांड यांचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्राणिदयेची गोष्ट निघाली की आपल्या समाजातील सुज्ञ माणूस सावध होतो, आणि ते साहजिक आहे. ज्या दयेने गाईला माता म्हटले, पण तिचे मेलेले शरीर ओढून नेणाऱ्यास माणूस मानले नाही, त्या दयेशी आपली ओळख फार जुनी आहे. २०१६ साली गुजरातमधील उना येथे मृत गाईचे कातडे सोलणाऱ्या तरुणांना भर रस्त्यात जी मारहाण झाली, तिचा विसर कोणासही पडलेला नाही. म्हणून आरंभीच सांगितले पाहिजे की, माणसाला वगळून जनावराला कवटाळणारी दया ही बौद्ध परंपरेची दया नव्हे. बौद्ध परंपरेत जनावराची वेदना आणि श्रमिकाचे अश्रू एकाच वाक्यात येतात. हे आम्ही घोड्याच्या उदाहरणावरून दाखविणार आहोत. घोड्याचेच उदाहरण अशासाठी की, प्राचीन भारतात घोडा हे राजसत्तेचे चिन्ह होते. सत्ता आपल्या हाताखालच्या जीवाशी कशी वागते, हे घोड्याच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

यज्ञातील घोडा

वैदिक यज्ञांमध्ये अश्वमेधाला राजाच्या सार्वभौमत्वाचा यज्ञ मानले जाई. शतपथ ब्राह्मणाच्या तेराव्या कांडात त्याचा विधी सविस्तर आला आहे. निवडलेला घोडा वर्षभर मोकळा सोडावयाचा, त्याच्यामागे चारशे रक्षक ठेवावयाचे, आणि वर्षअखेरीस त्याला परत आणून, त्याचा श्वास कोंडून, इतर शेकडो पशूंसह त्याचा बळी द्यावयाचा, असे हे विधान. वर्षभर त्याचा जो सन्मान होई, तो त्याच्या मृत्यूची पूर्वतयारी असे. घोड्याला पवित्र ठरविण्याने घोडा वाचला नाही, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. पावित्र्य आणि करुणा या दोन भिन्न गोष्टी आहेत.

संयुत्त निकायाच्या कोसल संयुत्तात ‘यञ्ञ सुत्त’ आहे. कोसलचा राजा पसेनदी महायज्ञ मांडतो. पाचशे बैल, पाचशे गोऱ्हे, पाचशे कालवडी, पाचशे बोकड आणि पाचशे मेंढे यूपाजवळ आणलेले असतात. श्रावस्तीत भिक्षाटनास गेलेले भिक्खू हे पाहतात आणि तथागतांना येऊन सांगतात. पण ते केवळ जनावरांची संख्या सांगत नाहीत. राजाचे दास, नोकर व कामकरी दंडाच्या भयाने, डोळ्यांत आसवे आणून यज्ञाची कामे करीत आहेत, हेही ते त्याच दमात सांगतात. त्यावर तथागतांनी जे सांगितले, त्यात निष्फळ यज्ञांच्या यादीत अश्वमेधाचे नाव प्रथम येते आणि लगेच त्यानंतर पुरुषमेधाचे.

हाच विचार दीघ निकायातील कूटदंत सुत्तात अधिक विस्ताराने येतो. मगधातील खाणुमत गावचा धनाढ्य ब्राह्मण कूटदंत शेकडो पशूंचा यज्ञ करावयास निघाला असता तथागत त्याला महाविजित राजाची कथा सांगतात. राज्यात चोरी व लूट माजली तेव्हा पुरोहिताने राजाला सल्ला दिला की, शेतकऱ्यास बी-बियाणे द्या, व्यापाऱ्यास भांडवल द्या, राजसेवकास वेतन द्या. त्यानंतर झालेल्या यज्ञात एकाही पशूचा वध झाला नाही, यूपासाठी एकही झाड तोडले गेले नाही, आणि एकाही दासाला किंवा मजुराला काठीच्या धाकाने राबविले गेले नाही. ज्यांची इच्छा होती त्यांनी काम केले, ज्यांची नव्हती त्यांनी केले नाही. पशू, वृक्ष आणि श्रमिक हे तिघेही येथे एकाच न्यायाने मुक्त झाले आहेत. या सुत्ताला आम्ही केवळ अहिंसेचा उपदेश मानत नाही. दुबळ्याच्या शोषणावर उभारलेल्या धर्मविधीचा तो निषेध आहे.

केसी अश्वशिक्षक

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. तथागतांच्या काळी घोडा कामाला जुंपला जात होता, त्याला चाबूक दाखविला जात होता, आणि सुत्तांतील दृष्टांतांत तो व्यवहार जसाच्या तसा आलेला आहे. अंगुत्तर निकायात चार प्रकारच्या उत्तम घोड्यांचा दृष्टांत आहे. त्यांत सर्वांत सुज्ञ घोडा चाबकाच्या नुसत्या सावलीने सावध होतो. आजच्या प्राणिकल्याणाच्या कल्पना त्या दृष्टांतावर लादणे इतिहासाला धरून होणार नाही.

परंतु त्याच निकायातील केसी सुत्त विचार करावयास लावते. केसी हा नामांकित अश्वशिक्षक. घोड्यांना तू कसे शिकवितोस, असे तथागत त्याला विचारतात. तो म्हणतो की, मी मृदूपणे शिकवितो, कठोरपणे शिकवितो, दोन्ही रीतींनी शिकवितो. आणि कशानेच न शिकणाऱ्या घोड्याला, आपल्या आचार्यकुळाची बदनामी होऊ नये म्हणून, मी ठार करतो. मग तो तथागतांना तोच प्रश्न विचारतो. तथागतही सांगतात की, न शिकणाऱ्याला मी ठार करतो. केसी चकित होतो, कारण प्राणिहत्या तथागतांना वर्ज्य आहे हे त्याला ठाऊक आहे. तेव्हा उलगडा होतो की, धम्मविनयात ठार करणे म्हणजे त्या माणसाला उपदेश करण्यायोग्य न मानणे. या संवादात केसीच्या धंद्याची निंदा नाही. पण ‘शिकत नाही म्हणून मारले’ या न्यायाची जागा ‘शिकत नाही म्हणून बोलणे थांबविले’ या न्यायाने घेतली आहे. शेवटी केसी उपासक होतो.

भिक्खूंच्या शीलांत हत्ती, गाई, घोडे व घोड्या यांचे दान स्वीकारण्यास मनाई आहे, आणि उपासकाने करू नयेत अशा पाच व्यापारांत प्राण्यांचा व्यापार मोडतो. जातककथांतही घोड्याचे स्थान उल्लेखनीय आहे. भोजाजानीय जातकात युद्धात जखमी झालेला उमदा घोडा शेवटच्या श्वासापूर्वी आपल्या राजाला विनवितो की, पकडून आणलेल्या सात राजांचा वध करू नये. जनावराच्या मुखातून माणसांसाठी अभय मागितले जाते, ही कल्पना ज्या परंपरेला सुचली तिच्या मनाची ठेवण निराळी होती.

अशोकाचे शासन

उपदेशाचे रूपांतर राज्याच्या शासनात झाले ते सम्राट अशोकाच्या काळी. या शासनाचे मोल कळण्यासाठी त्याआधीची स्थिती पाहावी लागते. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, त्याच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले तरी, अश्वाध्यक्षाचे संपूर्ण प्रकरण आहे. घोड्याचे कुळ, वय, रंग व खूण यांची नोंद ठेवावी, त्याला चंदी किती द्यावी, त्याच्यावर उपचार कोणी करावे, हे सारे त्यात आहे. युद्धाने, रोगाने वा वार्धक्याने निकामी झालेल्या घोड्यास पोटापुरते अन्न द्यावे, असेही त्यात सांगितले आहे, आणि ही गोष्ट निश्चितच चांगली होय. तथापि, या सर्व व्यवस्थेचा मुख्य हेतू राजाची संपत्ती व सैन्य सुस्थितीत ठेवणे हा आहे. मेगॅस्थेनिसच्या वृत्तांताच्या आधारे स्ट्रॅबोने लिहिले आहे की, भारतात खाजगी माणसाला घोडा वा हत्ती बाळगण्याची मुभा नव्हती. ती राजाची मालमत्ता मानली जाई.

ही पार्श्वभूमी लक्षात ठेवून अशोकाचा पाचवा स्तंभलेख वाचावा. राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. २४३ च्या सुमारास, तो कोरला गेला. त्यात अवध्य प्राण्यांची यादी आहे. जीवजंतू असलेला भुसा जाळू नये, निष्कारण वा हिंसेसाठी वने पेटवू नयेत, असे आदेश आहेत. ठराविक दिवशी बैल, बोकड, मेंढे व डुकरे यांना खच्ची करण्यास बंदी आहे. पुढे घोड्याचा नामनिर्देश येतो. तिष्य व पुनर्वसु या नक्षत्रांचे दिवस, चातुर्मासी पौर्णिमा आणि त्या पौर्णिमांचे पंधरवडे या काळात घोड्यांना व बैलांना डाग देऊ नये, असा हा आदेश आहे.

वर्षातून काही दिवसच डाग देण्याची बंदी, यात मोठे ते काय, अशी शंका कोणी काढील. परंतु तापविलेल्या लोखंडाने डागलेल्या कातड्याची वेदना ही राज्याने दखल घेण्याजोगी गोष्ट आहे, असे येथे एका साम्राज्याने दगडावर लिहून जाहीर केले. आणि ही बंदी सर्वांआधी कोणावर पडत होती? सर्वांत जास्त घोडे ज्याच्या पागेत होते, त्या राज्यसत्तेवरच. पहिल्या शिलालेखात अशोकाने आपल्या मुदपाकखान्यातील पशुवध तीन प्राण्यांवर आणल्याचे सांगितले आहे. तेथेही आरंभ स्वतःच्या घरापासून आहे. दुसऱ्याला अहिंसा शिकविण्यापूर्वी स्वतःच्या हातातील डागणी खाली ठेवणे, हे त्या शासनाचे वैशिष्ट्य होय.

त्याच पाचव्या स्तंभलेखाचा शेवट पाहण्यासारखा आहे. त्या सव्वीस वर्षांच्या अवधीत आपण पंचवीस वेळा बंदिवानांची मुक्तता केली, असे अशोक तेथे सांगतो. घोड्याचा डाग आणि माणसाची बेडी एकाच लेखात आहेत. दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा व पशूंची चिकित्सा एकत्र सांगितली आहे आणि दोघांसाठी रस्त्याकाठी विहिरी खणल्याचे व झाडे लावल्याचे म्हटले आहे. नवव्या शिलालेखात खऱ्या मंगलाचे वर्णन करताना दास व नोकर यांच्याशी योग्य वर्तन आणि प्राणिमात्रांविषयी संयम यांचा एकत्र उल्लेख आहे. या नवव्या लेखाचा एक तुकडा आपल्या महाराष्ट्रात, सोपाऱ्याजवळ भुईगाव येथे सापडला, आणि तो १९५६ साली, ज्या वर्षी नागपूरला धम्मदीक्षा झाली त्याच वर्षी. हा योगायोग असला तरी आपल्याला तो विसरण्याजोगा नाही. सारनाथच्या सिंहशीर्षाखालील पट्टीवर कोरलेला धावता घोडा २६ जानेवारी १९५० पासून भारताच्या राजमुद्रेवर आहे. आपल्या खिशातल्या नाण्यावरही तो असतो.

प्रतिक्रांती आणि नाणेघाट

मौर्य राज्य उलथवून पुष्यमित्र शुंग सत्तेवर आला. त्याने दोन अश्वमेध केले, असे अयोध्येच्या धनदेवाच्या शिलालेखात म्हटले आहे. बाबासाहेबांनी ज्या घडामोडींना क्रांती आणि प्रतिक्रांती अशी नावे दिली, त्यांत पुष्यमित्राच्या सत्तांतराला मध्यवर्ती स्थान आहे. प्रतिक्रांतीने सत्तेवर येताच पुन्हा यज्ञात घोडा आणावा, हे अर्थपूर्ण आहे. अशोकाने ज्या घोड्याला डाग देण्यावर मर्यादा घातली, तोच घोडा पुन्हा यूपाला बांधला गेला.

महाराष्ट्रातही याचा पुरावा आहे. जुन्नरजवळच्या नाणेघाटात राणी नागनिकेचा लेख आहे. सातवाहन राजाने केलेल्या यज्ञांची त्यात जंत्री असून दोन अश्वमेधांचा उल्लेख आहे. दक्षिणेत दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापणे यांचे आकडेही आहेत. घाटमाथ्यावरून कोकणातील बंदरांकडे माल उतरविणारी जनावरे याच घाटातून जात. त्याच जुन्नरच्या डोंगरांत बौद्ध लेण्यांचे मोठे समूह आहेत, आणि त्यांना दान देणाऱ्यांत सामान्य उपासक होते. एकाच परिसरात यज्ञाची दक्षिणा आणि लेण्यांचे दान असे दोन इतिहास शेजारी शेजारी उभे आहेत. आपला वारसा कोणता, हे ठरविण्याचे काम आपले आहे.

आधुनिक कायदे

प्राणिरक्षणाचा विचार पाश्चात्त्यांनी जगाला दिला, असे अनेकदा म्हटले जाते. इंग्लंडमध्ये १८२२ साली मार्टिनचा कायदा झाला आणि घोडा, खेचर, बैल आदी जनावरांना क्रूरपणे वागविणे हा गुन्हा ठरला. त्या वेळी अशोकाचे लेख कोणालाही वाचता येत नव्हते. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपी उलगडली ती १८३७ मध्ये. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी येथे लिहून ठेवलेला विचार तेथे स्वतंत्रपणे जन्मला. १८२४ साली लंडनला प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी जी संस्था स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत विल्यम विल्बरफोर्स व थॉमस फॉवेल बक्स्टन हे होते. हे दोघेही गुलामगिरीविरुद्धच्या लढ्याचे अग्रणी. चाबूक घोड्याच्या पाठीवर पडो वा गुलामाच्या, त्यामागचा विचार एकच असतो, हे त्यांना उमगले होते.

स्वतंत्र भारतात १९६० साली प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारा कायदा झाला. जखमी, रोगी वा वृद्ध जनावर कामाला जुंपणे हा त्यात गुन्हा आहे. १९६५ च्या नियमांनी ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांचे तास ठरविले: दिवसात नऊ तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक नाही, आणि पारा ३७ अंशांवर चढतो अशा भागात दुपारी बारा ते तीन काम नाही. काटेरी लगामालाही मनाई आहे. मात्र त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याचा दंड होता दहा ते पन्नास रुपये! शिवाय एखाद्या समाजाच्या धर्माने आवश्यक ठरविलेल्या पद्धतीने केलेला वध गुन्हा नाही, अशी सवलत २८ व्या कलमात आहे. यज्ञासमोर कायदा थबकतो, तो असा.

या कायद्याच्या प्रकाशात दोन निर्णय पाहण्यासारखे आहेत. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरात हौसेखातर चालणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरविल्या आणि त्या वर्षभरात बंद करण्यास सांगितले. पण त्याचबरोबर त्यांवर पोट असलेल्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना करण्याचाही आदेश सरकारला दिला. डांबरी रस्त्यावर खूर झिजविणारा घोडा आणि त्याच्यामागे बसलेला गरीब गाडीवान, दोघांचाही विचार त्यात झाला. दुसरे उदाहरण माथेरानचे. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर घोडा ओझे वाहतो आणि त्याच तांबड्या मातीच्या वाटेवर माणूस माणसाला हातरिक्षात बसवून ओढत आला. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही हातरिक्षाची प्रथा मानवी प्रतिष्ठेला बाधक ठरवून सहा महिन्यांत बंद करण्यास आणि रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा मिळवून देण्यास सांगितले. माणसाच्या खांद्यावरचे जू उतरते तेव्हा घोड्याच्या पाठीवरच्या ओझ्याचाही विचार सुचला पाहिजे, आणि घोडेवाल्याच्या चुलीचाही.

आपण आणि घोडा

आता थोडे स्वतःविषयी. राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश या प्रांतांत आपल्या बांधवांनी वरातीत घोड्यावर बसू नये म्हणून दगडफेक झाली, नवरदेवांना खाली ओढण्यात आले. घोडा सत्तेचे चिन्ह असल्यामुळेच त्यावर अस्पृश्य बसलेला सवर्णांना सहन होत नव्हता. अखेर अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने, वरातीत घोड्यावर बसण्यास अडथळा आणणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट शब्दांत लिहिला गेला. हा अधिकार रक्त सांडून मिळालेला आहे, आणि कोणी प्राणिदयेचे निमित्त करून तो आपल्याकडून काढून घेऊ पाहील, तर त्याला आमचा विरोधच राहील.

परंतु मिळालेल्या अधिकाराचा वापर कसा करावा, हे आपल्याला धम्म सांगतो. आमच्या वस्त्यांतील वरातींत आणि मिरवणुकींत आम्ही काय पाहतो? ध्वनिवर्धकांच्या भिंतींपुढे कानठळ्या बसत असता तासन् तास उभा असलेला घोडा. फटाक्यांनी बिथरलेला, काटेरी लगामाने तोंड फाटलेला घोडा. आणि त्याच्या शेजारी सकाळपासून उपाशी असलेला घोडेवाला पोरगा. तो पोरगा आपल्यासारख्याच एखाद्या गरीब घरचा असतो. यञ्ञ सुत्तातील भिक्खूंनी नेमके हेच दृश्य पाहिले होते. फरक इतकाच की, तेथे यजमान पसेनदी राजा होता आणि येथे आपण आहोत.

‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी अहिंसेचा विचार करताना गरजेपोटी होणारी हिंसा आणि हिंसेची इच्छा यांत भेद केला आहे. अहिंसा हा ताठर नियम नसून विवेकाने पाळावयाचे तत्त्व आहे, असे त्यांचे प्रतिपादन आहे. हीच कसोटी येथे लावावी. दुर्गम वाडीत आजाऱ्याला खाली आणणारा घोडा ही गरज आहे. केवळ थाट दाखविण्यासाठी मुक्या जीवाला चार तास धाकात उभे करणे ही गरज नाही.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. वरातीला घोडा आणायचा असेल तर आणावा. पण आणण्यापूर्वी त्याची पाठ व तोंड पाहावे, जखम दिसली तर तो परत पाठवावा. त्याला पाणी व विसावा द्यावा, ध्वनिवर्धक व फटाके त्याच्यापासून दूर ठेवावे, आणि घोडेवाल्याला ठरलेली मजुरी देऊन, पंगतीत आपल्या शेजारी बसवून जेवू घालावे. जयंतीच्या मिरवणुकीतील रथाला घोडे जुंपण्यापूर्वी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी विहारात बसून याचा विचार करावा.

सातव्या स्तंभलेखात अशोकाने म्हटले आहे की, धम्माची वाढ नियमांनी थोडी होते, समजावणीने अधिक होते. दहा रुपयांच्या दंडाचा कायदा पाहिला की त्याचे म्हणणे पटते. ज्या समाजाला टांग्यात बसू दिले गेले नाही, त्या समाजाने टांग्याला जुंपलेल्या जीवाची वेदना ओळखावी, ही अपेक्षा त्या समाजाकडून करावयाची नाही, तर कोणाकडून करावयाची?